बरोबरची खूण

सोमवार, ८ जानेवारी

आज कुरियरने आले: कामाच्या यादीचे पॅड १ (पाने शंभर, प्रत्येक ओळीपुढे छोटा चौकोन), निळे पेन २, जाड पायमोजे २ जोड, गळ्यात अडकवायची पासपोर्टची पिशवी १. पाठवणार मदिहा, पुणे. पॅडवरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली, म्हणून कळले: एकशे ऐंशी रुपये. एवढ्यात दोनशे पानी तीन वह्या आल्या असत्या. चौकोन काय, आपण पट्टीने आखले असते.

पण लेकीने पाठवले आहे. वापरायचे.

जमाखर्चाच्या वहीची मागची बाजू मी अशा लिहिण्यासाठी ठेवते. घरात आमची बोली वेगळी, तरी हातातून मराठीच उतरते. दहावीपर्यंत शाळेने तीच शिकवली.

सहा फेब्रुवारीला आम्ही दोघे उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला निघणार, इन्शाअल्लाह. बारा वर्षे थोडे थोडे बाजूला टाकले तेव्हा हे जमले. आता हातात महिना आहे. लस टोचून घ्यायची, इहरामचे, म्हणजे यात्रेत नेसायचे पांढरे कापड आणायचे, साताऱ्याला टूरवाल्याकडे फेरी, गादीघरातली राहिलेली कामे उरकायची. ह्यांनी कापूस पिंजून गाद्या भरायच्या आणि खोळी मी शिवायच्या, असे आमचे पंचवीस वर्षे चालले आहे. अलीकडे माझे डोके ठिकाणावर नसते. सकाळी दळण घेऊन निघाले, वाटेत गॅसचे आठवले, नंबर लावून घरी आले, आणि दळणाचा डबा गॅसवाल्याच्या ओट्यावर.

मदिहा फोनवर म्हणाली, "अम्मी, तू दहा कामं डोक्यात घेऊन फिरतीस. लिहून काढ. रोज सकाळी एक पान. झालं की चौकोनात बरोबरची खूण कर. राहिलं ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरव."

"एवढं तर मलाबी कळतंय."

"आणि एक. जे सगळ्यात नकोसं वाटतंय ना, ते पहिल्या ओळीवर लिही आणि आधी ते कर. आमच्या ऑफिसात असंच शिकवलं."

हे गादीवर टाके घालता घालता म्हणाले, "मग माझंच नाव पहिल्या ओळीवर येणार म्हण की."

मंगळवार, ९ जानेवारी

फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर पहिले पान लिहिले. पहिल्या ओळीवर 'आपा'. पुढे काही लिहिले नाही. मला कळते ते पुरे.

त्याखाली: दळण. हरभऱ्याची डाळ निवडणे. चार खोळी. गॅसवाल्याकडून डबा. लाइटबिल. शेजारच्या मंगलवहिनींना घराची किल्ली दाखवणे.

दिवेलागणीच्या मगरिबपर्यंत खालच्या सहाच्या सहा ओळींवर खूण झाली. काय समाधान वाटते ते सांगता येत नाही. एरवी रात्री अंथरुणावर पडले की दिवसभर काय केले हेच आठवत नाही. आज कागदावर दिसत होते. 'आपा' उद्याच्या पानावर उतरवले.

गुरुवार, ११ जानेवारी

उमऱ्याला जाण्याआधी आपल्या माणसांकडे जाऊन कहासुना माफ करून घ्यायचा, अशी आमच्यात रीत आहे. कळत-नकळत बोलले असेन, दुखावले असेल, ते तोंडाने मागायचे, आणि समोरच्याने तोंडाने म्हणायचे, माफ केले. मनातल्या मनात चालत नाही. अम्मा म्हणायची, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील, पण माणसाचा गुन्हा त्या माणसालाच विचारावा लागतो.

आज गल्लीतली चार घरे झाली. चारी खुणा केल्या. मंगलवहिनी म्हणाल्या, "आवं जीनतभाभी, माफ कसलं? माझी किसणी तीन वर्षं तुमच्याकडं हाय तेवढी द्या आनि जावा." हसून हसून पोट दुखले. किसणी परत केली. तीही यादीत लिहून खूण केली.

आपा राहिली.

लिहूनच टाकते. वडूजची जन्नतआपा माझी सख्खी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी झाले तेव्हा ती दुसरीत होती. अम्मा रोजगाराला जायची, मला काखेत घ्यायला कोणी हवे होते, म्हणून आपाला शाळेतून काढले. तिची शाळा तिथेच संपली. पुढे मला घातली, दहावीपर्यंत शिकवली. गणिताच्या वहीत मास्तरांची लाल खूण आली की आपा ती बोटाने गिरवायची. तिला अक्षर येत नव्हते, ती खूण येत होती. सांगायची, दुसरीत एकदा मास्तरांनी तिच्या पाटीवर अशी खूण दिली होती, तर तिने दोन दिवस पाटी पुसू दिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वडूजला चुलतभावाच्या मुलीचा निकाह होता. आहेराची यादी आपाच्या हातात होती, कोणीतरी धरायला दिली असेल. ती तिने उलटी धरली होती. पन्नास बायका बसलेल्या, आणि मी म्हणाले, "आपा, उलटी धरलीस की यादी. दे हिकडं. अंगठेवाल्याला काय कळायचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आपाने कागद माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि न जेवता गेली. त्यानंतर ना तिचा फोन, ना माझा.

रविवार, १४ जानेवारी

हे आज पॅड चाळत बसले होते. म्हणाले, "रोज पहिल्या ओळीवर आपा, आनि चौकोन मोकळाच. मदिहानं काय सांगितलं होतं? आधी अवघड."

मी म्हणाले, "वडूजला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तेवढ्यात सहा कामं होतात."

"सहा छोटी."

"छोटी झाली तरी कामंच हायत."

त्यांनी दोरा दाताने तोडला आणि पुढची गादी ओढली. मला राग आला. ह्यांच्या बहिणींशी ह्यांचे कधी वाजले नाही, कारण ह्यांना बहीणच नाही.

बुधवार, १७ जानेवारी

लस झाली. हात सुजला आहे. तरी यादी पुरी केली, आपा सोडून.

मदिहाला सांगितले की तुझ्या पॅडने जादू केली. पूर्वी दोन खोळी होत, आता चार होतात. वसतिगृहाच्या बारा उशांची मागणी दोन महिने लोंबकळत होती, ती आता मार्गी लागली. उद्या सकाळी वडूजला जायचे नक्की केले आहे. औंधवरून जाणारी सकाळची एसटी. ह्यांना सांगून ठेवले, डबा भरून जाईन.

गुरुवार, १८ जानेवारी

गेले नाही. सकाळी उशांचे कापड समोर आले आणि वाटले, बाराच्या बारा आज उरकतील, उद्या मोकळ्या मनाने जाईन. उरकल्या. बारा उशा, एक खूण. चौकोन भरताना हात सुखावला.

दुपारी जोहरची नमाज पढत होते तेव्हा फोन वाजून थांबला. नंतर पाहिले तर आपाचे नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा. चुकून हात लागला असेल. तिला वाचता येत नाही, अजहरने तिच्या फोनात माणसांचे फोटो घालून दिले आहेत, फोटोवर बोट पडले की फोन लागतो. अजहर म्हणजे तिचा मुलगा, एकुलता, भाजीचा टेम्पो चालवतो.

लगेच उलट फोन करावा असे मनात आले. पण हातात शेवटची उशी होती आणि काय बोलायचे ते जुळवलेले नव्हते. उद्याच्या पानावर लिहिले: 'आपाला उलट फोन.'

शुक्रवार, १९ जानेवारी

सकाळी केला. बंद. दुपारी केला. बंद. संध्याकाळी असरनंतर केला, बंद.

कळले. काल लावला, मी उचलला नाही, तर रागाने बंदच करून ठेवला. लहानपणापासून अशीच. रुसली की दार लावून बसायची. वडूजला जायचे रद्द केले. माणूस फोन बंद करून बसते, तिच्या दारात कशाला जायचे?

गुरुवार, २५ जानेवारी

मधले दिवस कामाचे गेले. यादी नीट चालली आहे. 'आपा' मी आता पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर घेतले. वर असले की सकाळी सकाळी डोळ्यात जाते.

मंगलवहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजेला गेल्या होत्या, आज आल्या. मुलगा झाला. पेढे दिले. म्हणाल्या, "भाभी, तिथल्या दवाखान्यात तुमचा वडूजचा अजहर दिसला बघा. जिन्यावर डबा घेऊन बसला होता. लय वाळलाय. मी हाक मारीस्तवर गेला वर."

म्हणजे टेम्पो विकला वाटते, आणि डबे पोचवायचे काम धरले. सांगली-मिरजेकडे दवाखान्यांना डबे देणारे पुष्कळ असतात. आपाने मला कळवलेही नाही. मुलगा मिरजेला आणि ती वडूजला एकटी, मग फोन बंद करून कशाला बसायचे? असो. तिचे तिला माहीत.

ह्यांना सांगितले तर टाके घालायचे थांबून म्हणाले, "डबा कुनासाठी होता ते विचारलं का?"

मी म्हणाले, "तुमी काय बी काढता."

शुक्रवार, २ फेब्रुवारी

चार दिवस राहिले. बॅगा भरल्या. पॅडवर फक्त तीन ओळी मोकळ्या: मोलकरणीला सांगणे, नळाची चकती बदलणे, आपा.

मदिहा दोन दिवसांसाठी आली आहे. तिने माझ्या फोनवर व्हॉट्सअॅप नीट लावून दिले, तिकडून बोलायला बरे म्हणून. ती अंघोळीला गेली तेव्हा मी आपाला मेसेज लिहिला. आधी बोलून पाठवावे असे वाटले होते, ते बटणही मदिहाने दाखवले आहे. पण तोंड उघडले की आवाज फुटेना. लिहिलेले चांगले. लिहिलेले नेमके असते. अजहर वाचून दाखवील.

लिहिले: 'आपा, आम्ही सहा तारखेला उमऱ्याला निघालो. कहासुना माफ कर. निकाहात बोलले त्याची माफी मागते. तुझी जीनत.'

पाठवले. खाली एक बारीक खूण उमटली, बरोबरची. मलाच हसू आले, फोनसुद्धा झालेल्या कामावर खूण करतो. मग मी पॅड घेतले आणि 'आपा'पुढच्या चौकोनात खूण केली. सत्तावीस पाने... नाही, मोजली नाहीत. पण बरेच दिवस उतरवत आलेली ओळ आज संपली. शुक्र आहे.

मदिहाला सांगितले नाही. ती विचारीत बसली असती.

सोमवार, ५ फेब्रुवारी

उद्या निघायचे. नळाची चकतीही बदलली. पानावर एकही चौकोन मोकळा नाही. ह्यांना दाखवले. त्यांनी खालपर्यंत वाचले आणि विचारले, "आपा काय म्हणली?"

"माफी मागितली मी."

"ती काय म्हणली?"

"मेसेज केलाय. पोचलाय."

"बरं," म्हणाले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी, मक्का

पॅडचीच कोरी पाने घेऊन आले आहे, त्यावर लिहिते. इथे काय लिहावे? पहिल्यांदा काबा नजरेस पडला तेव्हा पाठ केलेल्या सगळ्या दुआ विसरले. उभी राहून रडले एवढेच. ह्यांनी माझे मनगट धरून ठेवले होते, गर्दीत हरवीन म्हणून.

सगळ्यांसाठी मागितले. मदिहासाठी, ह्यांच्या गुडघ्यासाठी, मंगलवहिनींच्या नातवासाठी. आपाचे नाव घेतले तेव्हा मन थोडे अडखळले. पण तिची माफी मागून आले आहे, असे स्वतःला सांगितले.

खोलीत कराडच्या एक बाई आहेत, शिक्षिका होत्या. आज त्यांना मी फोनातले मदिहाचे फोटो दाखवत होते. मधेच मी आपाला पाठवलेला मेसेज उघडला गेला. त्या म्हणाल्या, "हा अजून गेला नाही वाटतं."

मी म्हणाले, "गेला की. ही काय खूण."

त्या म्हणाल्या, "एक खूण म्हणजे तुमच्याकडून निघाला. पोचला की दोन होतात. अकरा दिवस झाले, तिकडे फोन बंद असणार."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. एकच खूण. त्यांनी मी मदिहाला पाठवलेला मेसेज काढून दाखवला. त्याला दोन होत्या.

बुधवार, १४ फेब्रुवारी, मक्का

फजरनंतर अजहरला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मागे गलका होता, भांड्यांचा आवाज.

मी म्हणाले, "अजहर, मी जीनतखाला. मक्केतून बोलतेय. जरा अम्मीला दे."

भांड्यांचा आवाज जरा लांब गेला. मग म्हणाला, "अम्मी बोलत न्हाई, खाला."

असे ऐकायला मला मक्काच मिळाली! काबासमोरून फोन करते आणि बहीण बोलत नाही. मीही म्हणाले, "न्हाई तर न्हाई. राहू दे." आणि ठेवला. त्याने परत केला, मी उचलला नाही.

दिवसभर तस्बीहची माळ हातात, पण मोजणी चुकत राहिली.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

काल घरी आलो. आज नवीन पान लिहिले: जमजमचे पाणी आणि खजूर वाटायची घरे, एकवीस. वडूज एकविसावे. संध्याकाळपर्यंत अकरा झाली.

हे म्हणाले, "उद्या वडूज."

"ती बोलत न्हाई म्हणली."

"ती म्हणली का पोरगा म्हणला?" मग सुई खाली ठेवून, "जीनत, तू नेमकं काय ऐकलंस ते परत सांग."

मी सांगितले: अम्मी बोलत न्हाई, खाला.

ते उठून बाहेर गेले. ओट्यावर बराच वेळ उभे होते. त्यांना काय वाटले ते मला कळले नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

शुक्रवारीच निघायचे, पण मला प्रवासाचा ताप आला, त्यात दिवस गेले. आज गेलो.

अजहर दारातच होता. टेम्पो अंगणात उभा, विकलेला नाही. त्याने सलाम केला, जमजमची बाटली घेतली आणि बाजूला झाला. आतल्या खोलीत खिडकीपाशी आपा खाटेवर. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेले. मला बघून डोळे मोठे झाले.

अजहरने सांगितले. एकोणीस जानेवारी. पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठली आणि नळापाशी पडली. आधी इथे, मग मिरजेला, तेवीस दिवस; तिचा फोन घरीच, बंद पडलेला. जीव वाचला. वाचा गेली.

"मंग फोनवर सांगायचं न्हाई का रं?" मी म्हणाले.

"सांगितलं की, खाला. अम्मी बोलत न्हाई म्हनून. पुढं सांगनार तवर तुमी ठेवला. मी परत लावला." तो रागाने बोलला नाही. थकलेला होता. "आनि आधी कुनाला सांगू? तुमी उमऱ्याला जानार. अम्मी पडलीय म्हणलं असतं तर तुमचं जानं अडकलं असतं. अब्बा तर न्हाईत, मीच ठरवलं."

मी विचारले, "अठराला तिनं फोन केला होता मला. हात लागून झाला ना?"

"न्हाई. मला बोलवून म्हणली, जीनतचा फोटो काढून दे. तुमी उमऱ्याला चाललाय ते बाजारात कुनीतरी सांगितलं होतं. मी म्हणलं, काय सांगायचंय ते मला सांग, मी बोलतो. तर म्हणली, तिचं तिलाच सांगते." तो खाली बघत होता. "मंग तुमी उचलला न्हाई. म्हणली, कामात असंल. उद्या बघू."

मी आपाच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. तिचा डावा हात धरला. म्हणाले, "आपा, माझा कहासुना माफ कर. निकाहात मी जे..." एवढ्यावरच तिच्या घशातून आवाज आला, अ की आ, लांब. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेले. तिची बोटे माझ्या हातात हलली. धरायला हलली की सोडवून घ्यायला, मला कळले नाही. मग तिने तोंड भिंतीकडे केले.

ओढलेले तोंड आपोआप तिकडे जात असेल का? की तिने केले?

अजहर पुढे आला. "खाला, रडली की तिचा बीपी चढतोय. डाक्टरनी सांगितलंय, असलं काही नको. वाईट वाटून घेऊ नका, पन जरा दिवस येऊ नका. मीच कळवीन."

निघताना खिडकीत पाटी दिसली. दगडी, लाकडी चौकटीची. वर खडूच्या वाकड्या रेघा.

"व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय," अजहर म्हणाला. "डाव्या हातात खडू देऊन रेघा वढायच्या. शिकलेली मानसं असली की त्यातनं लिहून सांगत्यात म्हनं. अम्मीला येत न्हाई, तर नुसत्या रेघा."

एसटीत हे म्हणाले, "तिनं हात धरला की तुझा."

मी म्हणाले, "तुमाला काय दिसलं?"

"मी दारात होतो. तुझी पाठ दिसत होती."

गुरुवार, २९ फेब्रुवारी

पॅड काढून पाने मोजली. नऊ जानेवारीपासून अठरापर्यंत दहा पाने. दहाही पानांवर पहिली ओळ 'आपा'. त्या दहा दिवसांत माझ्या एकूण चौसष्ट खुणा आहेत. दळण, डाळ, खोळी, किसणी, उशा. ह्यातली एकही दुसऱ्या दिवशी झाली असती तर कोणाचे काय बिघडले असते? वसतिगृहाच्या बारा उशा अजून आमच्याच दुकानात पडून आहेत, त्यांना मार्चमध्ये हव्यात.

दहा दिवस तिला वाचा होती.

मदिहाला सांगितले. ती रडली आणि म्हणाली, "अम्मी, मी म्हणलं होतं ना, अवघड आधी." मग म्हणाली, "सॉरी. तसं न्हाई." मी म्हणाले, तसेच आहे. तिने सांगितले होते ते मी ऐकले, लिहूनही घेतले, रोज पहिल्या ओळीवर. पान लिहिले की काम निम्मे झाल्यासारखे वाटत होते.

आणि दोन फेब्रुवारीच्या पानावर त्या चौकोनात खूण आहे. पेनाने केलेली, निघत नाही. मी ब्लेडने खरवडली, तर कागद फाटला.

मला लिहायला यावे म्हणून तिचे लिहिणे गेले. आता तिच्याकडे शब्द असेल, चांगला किंवा वाईट, तर तो बाहेर यायला वाटच नाही. मी तिला मेसेज लिहून पाठवला होता. तिला. लिहून.

सोमवार, ४ मार्च

रमजान आठवड्यावर आला. अजहरचा फोन नाही. मी दोनदा केला, टेम्पोवर असेल, उचलला नाही. परत कधी येऊ ते मला विचारायचे नव्हते, दुसरेच विचारायचे होते, आणि ते फोनवर होणार नव्हते.

आज पानावर एकच ओळ लिहिली. बाकी कामे डोक्यातच ठेवली. दळण विसरले तर विसरले.

पोस्टात जाऊन जोडकार्ड, म्हणजे उत्तराचे कोरे कार्ड जोडलेले पोस्टकार्ड मागितले. खिडकीतले हरिबा पोस्टमन आता निवृत्तीला आले आहेत. म्हणाले, "जीनतबाई, जोडकार्ड? कवाच्या गोष्टी काढताय? साधी हायत, दोन घ्या, जोडा." दोन साधी कार्डे घेतली. घरी येऊन गादीच्या सुईने कडेला तीन टाके घालून जोडली, सैल, ओढले की सुटतील असे. दुसऱ्यावर माझाच पत्ता लिहिला. मागे पट्टी धरून मधोमध एक चौकोन आखला, रुपयाएवढा नाही, चांगला तळहाताएवढा. तिचा डावा हात आहे.

हे बघत होते. म्हणाले, "आनि तिनं खूण केली न्हाई तर?"

"तर मोकळं येईल."

"मंग?"

"मंग मोकळं ठेवीन. माझ्या हातानं भरायची न्हाई."

कार्ड पेटीत टाकले. पेटीचे झाकण खाली पडल्याचा आवाज ऐकून परत आले. यादीतल्या त्या एका ओळीपुढे खूण केलेली नाही. निघाले म्हणजे पोचले नव्हे, हे मी मक्केत शिकून आले.

नक्कल इथे उतरवून ठेवते:

'अजहर बेटा, दुआ. हे अम्मीला वाचून दाखव, ती जेवून शांत असेल तेव्हा. घाई करू नकोस.

आपा, मी जीनत. निकाहात तुझ्या हातातून मी कागद काढून घेतला. तू शाळेतून निघालीस म्हणून मला तो वाचता आला, हे मला त्या दिवशी आठवले नाही. तू फोन केलास आणि मी उशी शिवत बसले. माफ कर. जोडलेल्या कार्डावर चौकोन आखला आहे. माफ केले असेल तर त्यात मास्तरांची खूण कर, पाटीवर रेघा ओढतेस तशी, वाकडी झाली तरी चालेल. केले नसेल तर चौकोन तसाच सोड, मी समजेन, रुसणार नाही.

अजहर, तिचा हात धरून करून घेऊ नकोस. तिची तिला करू दे. टाके ओढून कार्ड वेगळे कर. आणि खूण असो, नसो, कार्ड मला उलट टपाली पाठव.'